जे सोडले आणि जे राहिले

1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, ज्याचे वय तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे होते, मिशनऱ्यांच्या आश्रयाला जाऊन राहिला, आणि मुलाचा ताबा मिळावा म्हणून बापाने केलेली फिर्याद सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. कोर्टाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले. पण परक्या घरचे अन्न पोटात गेलेल्या त्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की घेऊ नये, या प्रश्नावरून ब्रह्मवृंदात जो वाद उसळला, त्यात शुद्धीच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानालाही स्वजनांचा रोष सोसावा लागला. परळीकर आडनावाच्या या बंधूंचे हे प्रकरण आपल्या सामाजिक इतिहासात नमूद आहे ते बहुधा श्रीपतच्या नावाने. जो परत आला त्याच्यासाठी शास्त्रार्थ झाले. जो परत आला नाही त्या नारायणाचे पुढे काय झाले, आणि घर, जात, आईबाप व भाऊ असे सगळेच मागे टाकून बाहेर पडलेल्या माणसाने पुढची जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या अंतःकरणाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची विचारपूस मराठी वाचकाने फारशी केलेली नाही.

त्या विचारपुशीची वाट मुंबईहून निघून आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, परिसरात येते. 1860 च्या दशकात नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखातील जालना येथे आपले कार्य उभे केले. जालन्याला तेव्हा हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि औरंगाबादच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर असलेले हे गाव 1981 साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. घराण्याच्या आडनावात जी परळी होती, तीही बहुधा याच निजामी अमलाखालची. तेव्हा मुंबईत सर्व नाती तुटलेला हा माणूस एका अर्थाने वाडवडिलांच्या मुलखात परतला म्हणायचा. मात्र तो परतला तो मांगवाड्यात. त्याचे श्रोते, त्याचे सोबती आणि पुढे त्याची मंडळी प्रामुख्याने मातंग आणि महार समाजातून उभी राहिली, आणि त्यांच्यासाठी जालन्याजवळ त्याने एक वसाहत वसवली, जिला नाव दिले बेथेल. तिच्यासाठी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारातून सवलतीने जमीन मिळाली. मुसलमान संस्थानिकाच्या दिवाणाने ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती पाळकाला गावकुसाबाहेरच्या कुटुंबांसाठी जमीन द्यावी, हा एकोणिसाव्या शतकातील मराठवाड्याच्या दफ्तरातला एक विलक्षण आणि हृद्य असा व्यवहार आहे. 1873 साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली, तेव्हा डोक्यावर पागोटे घालूनच नारायण शेषाद्री तिथे बोलायला उभे राहिले. पोशाख बदलणे हा धर्म बदलण्याचा भाग आहे असे त्यांना कधीच वाटले नाही.

बेथेल हे नाव त्यांनी कोणत्या विचाराने निवडले असेल, हे जुन्या करारातली याकोबाची कथा वाचणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. याकोब भावाला फसवून, त्याच्या रागाच्या भयाने घर सोडून पळालेला असतो. उशाशी दगड घेऊन उघड्यावर निजतो, आणि त्या रात्री त्याला स्वर्गापर्यंत टेकलेल्या शिडीचा दृष्टांत होतो. ती जागा बेथेल. ही कथा तर बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिचा उत्तरार्ध मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. पुष्कळ वर्षांनी, बायकामुले आणि गुरेढोरे घेऊन याकोब त्याच बेथेलकडे पुन्हा निघतो, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या कुटुंबातल्या सर्वांना सांगतो की, तुमच्यापाशी जी परकी दैवते असतील ती काढून टाका. आणि ती दैवते व कानांतली कुंडलेसुद्धा तो शखेम गावापाशी एका झाडाखाली पुरून टाकतो. म्हणजे पळून येताना जे सुटले ते एक, आणि देवाच्या भेटीला जाताना आपणहून शोधून काढून जे सोडावे लागते ते निराळेच. ख्रिस्ती धर्मातील आत्मपरीक्षणाचा मराठवाड्यातला इतिहास या दोन सोडण्यांच्या मधल्या अंतराचा इतिहास आहे, अशी माझी धारणा आहे.

पहिले सोडणे डोळ्यांना दिसणारे होते आणि त्याची किंमत रोकडी होती. ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला की त्याचे घर सुटे, पंगत सुटे, आणि कंपनी सरकारच्या मुलखात 1850 चा कायदा होईपर्यंत वडिलोपार्जित मिळकतीवरचा त्याचा हक्कही धोक्यात येई. मातंगाचे काय सुटे, हे मात्र आपल्या ग्रंथांतून क्वचितच सांगितले जाते. गावगाड्यात त्याचा हक्क असे तो त्याच्या कामाशी बांधलेला: दोरखंड वळून द्यायचे, केरसुण्या द्यायच्या, लग्नाकार्यात आणि जत्रेत हलगी वाजवायची, देवीच्या पालखीपुढे वाजंत्री धरायची, ग्रहणाच्या वेळी घरोघर दान मागायचे. दोर वळायला कोणत्याही शुभवर्तमानाची हरकत नव्हती. पण हलगी देवीपुढे वाजवायची की नाही, ग्रहणाचे दान मागायचे की नाही, हा प्रश्न नव्या ख्रिस्त्यापुढे पहिल्याच हंगामात उभा राही. त्याने नकार दिला की पाटील-कुळकर्ण्यांच्या चावडीवर विषय निघे, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन उभे राहिल्यावर जे बलुते पिढ्यान्‌पिढ्या सुपात पडत आले होते, ते पडेनासे होई. शहरातल्या सुशिक्षिताचे धर्मांतर वर्तमानपत्रांत गाजत असे. खळ्यावरून रिकाम्या सुपाने घरी परतलेल्या माणसाच्या अंतःकरणात त्या रात्री काय चालले असेल, याची नोंद ठेवायला तिथे कोणी बखरकार नव्हता. बेथेलसारख्या वसाहती उभ्या राहण्यामागचे कारण इथे सापडते: ज्याचे बलुते गेले त्याला कसायला जमीन हवी.

अशा उमेदवाराला प्रभुभोजनाच्या पंक्तीत घेण्यापूर्वी पाळक आणि मंडळीतले वडील त्याची चौकशी करीत. स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्यांत ही चौकशी कडक असे. स्कॉटलंडात तर तपासणीत उतरलेल्या माणसाला धातूचे लहानसे टोकन मिळे आणि ते दाखविल्याशिवाय त्याला मेजापाशी जाता येत नसे. करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्रात पौलाने असे बजावले आहे की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच त्या भाकरीत व प्याल्यात सहभागी व्हावे. या सगळ्या रिवाजाचे मूळ त्या एका आज्ञेत आहे. पौलाने परीक्षा करायला सांगितले ते ज्याचे त्याने. वडिलांच्या चौकशीतून माणसाची वागणूक कळते, दारू सुटली की नाही हे कळते, कर्ज फेडले की नाही हेही कळते. पण मनात कोणाबद्दल काय साठले आहे, ते कोणत्याही पंचाला दिसत नाही. मंडळीची शिस्त आणि अंतःकरणाची तपासणी या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहाव्यात अशी योजना होती, आणि पुष्कळदा पहिली दुसरीची जागा बळकावून बसे.

औरंगाबाद शहरात वेगळी परंपरा रुजली. शहराच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे, छावणी वसलेली. तिथे पलटणीच्या गोऱ्या अंमलदारांची उपासना इंग्रजी प्रार्थनापुस्तकाप्रमाणे होई. याच अँग्लिकन परंपरेतील चर्च मिशनरी सोसायटीचे मराठी काम शहरात आणि आसपासच्या खेड्यांत चालू झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ ते ज्यांच्या नावाने ओळखले गेले ते रेव्हरंड रतनजी नवरोजी मूळचे पारशी होते. 1839 साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाजात किती मोठा क्षोभ उसळला होता आणि प्रकरण कसे कोर्टात गेले होते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एका पारशाने ख्रिस्ती पाळक होऊन निजामी मुलखातल्या मराठी खेड्यांत आयुष्य घालविणे याची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही. जालन्याला ब्राह्मण, औरंगाबादेस पारशी. आणि दोघांचीही मंडळी गावकुसाबाहेरची.

या अँग्लिकन मंडळीत अंतःकरणाची तपासणी प्रार्थनापुस्तकाच्या ओळींतून शिकविली जाई, आणि तो क्रम थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. प्रभुभोजनाचा दिवस ठरला की त्याआधीच्या रविवारी पाळकाने मंडळीला एक बोधवचन वाचून दाखवायचे असते. त्यात मंडळीला सांगितलेले असते की, देवाच्या आज्ञा एकेक करून समोर ठेवा आणि इच्छेने, वाणीने वा कृतीने आपण कुठे चुकलो ते शोधा. पण त्या बोधाचे खरे वजन पुढच्या भागात आहे. ज्याचे नुकसान केले असेल त्याची भरपाई करण्याची तयारी ठेवा. आणि ज्याने तुमचे वाईट केले असेल, त्याला तुम्ही स्वतः क्षमा करा. हे दोन्ही झाल्याखेरीज त्या मेजापाशी येणे म्हणजे दोष वाढविणे आहे. आता हे बोधवचन पन्नास-साठ कुटुंबांच्या वस्तीत वाचले जात आहे अशी कल्पना करावी. सगळे एकमेकांचे सोयरे, एकाच विहिरीवरचे, एकाच बांधाला लागून राहणारे. कोणी कोणाचा बांध कोरला, कोणी उसने धान्य परत केले नाही, कोणत्या लग्नात कोणाचा मानपान राहिला, हे सर्वांना सर्वांचे ठाऊक. त्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचा आठवडा हा अशा वस्तीत समेटाचा आठवडा असायचा. उसने घेतलेले परत करायचे, अबोला धरलेल्या भावाच्या उंबऱ्यावर आपण होऊन जायचे, आणि मग रविवारी गुडघे टेकून सर्वांनी एका स्वरात आपल्या अपराधांची कबुली द्यायची. ती कबुली सामुदायिक असल्यामुळे तीत कोणाचे नाव येत नाही, पण शेजारी गुडघे टेकलेला माणूस कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. एकांतात बसून मनाचा शोध घेणे मोठेच आहे. परंतु ज्याच्याविषयी मनात राग आहे त्याच्या शेजारी गुडघे टेकून घेतलेला शोध मला त्याहून खडतर वाटतो.

ही भूमीही अशा शोधाला अनोळखी नव्हती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवर खुलताबाद आहे, जिथे चौदाव्या शतकात बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यासारखे चिश्ती संत राहिले; शहरातच पाणचक्कीपाशी नक्षबंदी परंपरेतले बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. दिवसभराच्या कृत्यांचा आणि हेतूंचा स्वतःशी हिशेब घेणे हा सूफी साधनेचा फार जुना नेम. नवव्या शतकातल्या बगदादमधील एका थोर आचार्याला तर या आत्महिशेबावरूनच अल-मुहासिबी हे नाव मिळाले. आणि दक्षिणेला गोदाकाठी पैठण. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर न रागावता तितक्याच वेळा गोदेत स्नान करून येणाऱ्या एकनाथांची कथा मराठवाड्यातल्या कोणत्या घरात सांगितली गेली नाही? त्यांना लोक शांतिब्रह्म म्हणतात. डोंगरावरील प्रवचनातला दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश औरंगाबादच्या चौकात प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसाने तो नाथांच्या कथेशेजारी ठेवून पाहिला असणार, यात मला तरी संशय वाटत नाही. मिशनऱ्यांपैकी काहींनी या शेजाराकडे पाठ फिरविली. ते त्यांचे मोठे नुकसान झाले, आणि मराठी मंडळीचेही.

दुसरे सोडणे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपल्याच आत शोधून काढून सोडायचे ते, कुठे अडले याचे उत्तर कटू आहे आणि ते स्पष्टपणे लिहिले पाहिजे. ते अडले जातीपाशी. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहून कळविले होते की जातिभेद मंडळीत क्षणभरही ठेवता येणार नाही. तरी मराठी मंडळ्यांत महार कुळातून आलेला ख्रिस्ती मातंग कुळातून आलेल्या ख्रिस्त्याच्या पंगतीला बसताना अडखळे, सोयरीक तर दूरच राहिली. 1876 ते 78 चा आणि पुन्हा शतकाच्या अखेरीस आलेला दुष्काळ या मुलखाला पिळून गेला. अन्नछत्रांतून आणि अनाथाश्रमांतून मंडळ्यांची संख्या वाढली, आणि ज्यांना तपासून घ्यायचे तेच भुकेने व्याकूळ, तिथे तपासणी कशी व्हावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी लिहिताना धर्मांतरानंतरही टिकून राहिलेल्या जातिभेदावर नेमके बोट ठेवले आहे. 1950 साली ज्या औरंगाबादेत त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या शहरातल्या ख्रिस्ती वाचकाने ती टीका शत्रूची मानू नये. पौलाने जी परीक्षा सांगितली, तिच्यातलाच एक प्रश्न बाहेरून विचारला गेला आहे असे समजून ती वाचावी.

बाप्तिस्मा झाला म्हणून अंतःकरण सुटत नाही, हे ज्यांनी स्वतःपुरते प्रामाणिकपणे ओळखले, अशा मराठी ख्रिस्त्यांची परंपरा मात्र तेजस्वी आहे. बाबा पदमनजींनी 1888 साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, ते मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक. आपल्या भाषेत स्वतःचे मन लोकांपुढे उलगडून दाखविण्याचा प्रघात ज्या थोड्या ग्रंथांनी पाडला, त्यांत त्याची गणना करावी लागते. नीलकंठशास्त्री, पुढचे नेहेम्या गोरे, 1848 साली ख्रिस्ती झाले आणि 1895 साली मृत्यू येईपर्यंत स्वतःच्या श्रद्धेला पुन्हा पुन्हा कसोटीला लावीत राहिले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी असे सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्या हाती ख्रिस्ती धर्म लागला आहे, प्रत्यक्ष ख्रिस्त लागलेला नाही. एवढ्या विद्वान आणि जगभर कीर्ती पावलेल्या स्त्रीने हे लिहावे, यात आत्मपरीक्षणाचे धैर्य किती आहे! 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुलीबायका ढसाढसा रडत, मोठ्याने आपली पापे कबूल करीत प्रार्थनेत रात्री घालवू लागल्या. त्या लाटेत खरेपणा होता यात शंका नाही. तरी माझे मन ओढ घेते ते त्या आठ वर्षांच्या संथ, एकाकी उमगण्याकडे.

आणि मग येतात रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. औरंगाबादच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, नगर आणि राहुरी येथे, त्यांच्या आयुष्यातली पुष्कळ वर्षे गेली आणि टिळकांची भजने ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही मराठवाड्यातल्या मराठी उपासनांत गायिली जातात, म्हणून त्यांना या भूमीतले मानण्यास हरकत नाही. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियनाने हाती दिलेला नवा करार, त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने लावलेले वेड, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस घेतलेला बाप्तिस्मा, हे टिळकांचे पहिले सोडणे. त्यात संसारही सुटला, कारण लक्ष्मीबाई पुढची काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पण ज्याने जात, घर आणि प्रतिष्ठा एका दिवसात फेकून दिली, त्या माणसाचा शीघ्रकोप मात्र सुटला नव्हता. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात लक्ष्मीबाईंनी तो राग आणि त्याच्या पाठोपाठ येणारा पश्चात्ताप दोन्ही लपविलेले नाहीत.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे सोडणे तर मराठी वाङ्मयातल्या आत्मपरीक्षणाचा एक उत्तुंग क्षण आहे. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, वडिलांच्या कर्मठपणाखाली ओल्यात निथळलेली ही बाई नवऱ्याकडे परतल्यावरही आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवते. कोणी तिच्यावर जुलूम करीत नाही, टिळकसुद्धा वादाने तिला जिंकू पाहत नाहीत. एका रात्री तिचे तिलाच विचार सुचू लागतात: या जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या देहातही तसा भेद दिसला नसता का? आणि सकाळी उठून ती जाहीर करते की आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन-पिईन. लक्षात घेण्यासारखे असे की, हे सोडणे तिच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. मंडळीत येऊन पुष्कळांना जे वर्षानुवर्षे जमले नाही, ते या बाईने मंडळीच्या उंबऱ्याबाहेर, अंथरुणात पडल्या पडल्या, एका रात्रीत केले. आणि त्यासाठी तिला कोणा वडिलांच्या चौकशीपुढे उभे राहावे लागले नाही.

टिळकांचे दुसरे सोडणे 1917 सालचे. बावीस वर्षे ज्या मिशनच्या आश्रयाने काम केले, त्या मिशनचा पगार त्यांनी सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र यावेत अशी त्यांची मनीषा होती. पगार सोडणे ही गोष्ट वाचायला क्षुल्लक वाटते. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळीच्या जीवनात मिशनचा पगार, मिशनचा बंगला, मिशनची शिफारस यांना बलुत्याचेच स्थान आले होते; गावगाड्याची ताबेदारी सुटली आणि बंगल्याची जडली, अशी अवस्था अनेकांची झाली होती. खळ्यावरून रिकामे सूप घेऊन परतलेल्या त्या अनामिक मातंगाने जे केले होते, तेच टिळकांनी छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास बंगल्याच्या दारात केले. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहू शकला नाही. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय त्यांनी रचले.

रोमन कॅथलिक परंपरा मराठवाड्यात आली ती निराळ्या स्वभावाची. नागपूर धर्मप्रांतातून इथे आलेले धर्मगुरू हे फ्रान्सच्या आनसी गावी 1838 साली पीटर मेर्मिए यांनी स्थापन केलेल्या, संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव धारण करणाऱ्या संघाचे. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे त्यांच्या कार्याचे जुने केंद्र. 1977 साली औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन केलेच पाहिजे, असा दंडक 1215 सालच्या लॅटरन धर्मसभेने घातला होता. निवेदनापूर्वी अंतःकरण तपासावे, मनापासून खेद मानावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, सर्व सांगावे आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त पुरे करावे, हा क्रम घोगरगावच्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ असे. पण ज्या संताचे नाव शहरातली एक मोठी शाळा आजही मिरवीत आहे, त्या फ्रान्सिस डी सेल्स यांनी 1609 साली प्रसिद्ध केलेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात या तपासणीला एक सुंदर वळण दिले आहे. रोज रात्री निजण्यापूर्वी दिवस थोडक्यात आठवावा, चूक दिसली तर क्षमा मागावी. पण स्वतःवर चिडू नये. आपल्या दोषांवरचा संताप हाही अहंकाराचाच एक प्रकार आहे, म्हणून पडलेल्या अंतःकरणाला दयेने समजावून उठवावे, असे त्यांचे म्हणणे. स्वतःविषयीचा क्रोधसुद्धा सोडावयाचा असतो, ही शिकवण कडक चौकशीच्या परंपरेत वाढलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांपर्यंत पोहोचायला हवी होती असे मला वारंवार वाटते.

त्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुढे मात्र विसाव्या शतकात एक वेगळीच परीक्षा उभी राहिली. जालन्याची मंडळी स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, औरंगाबादची अँग्लिकन; साठ किलोमीटरच्या अंतरावर एकाच भाषेत, एकाच येशूची उपासना करणाऱ्या या दोन मंडळ्यांचे पाळक एकमेकांच्या मेजावर प्रभुभोजन चालवू शकत नसत, कारण बिशपच्या हातून दीक्षा झालेली नसेल तर तो पाळक खरा की नाही, हा युरोपातला वाद त्यांच्याही वाट्याला आला होता. एकीकरणाच्या वाटाघाटी चार दशके चालल्या. प्रत्येक पक्षाला आपल्या दीक्षेचा, आपल्या परंपरेचा, आपल्या शुद्धतेचा अभिमान. मराठवाड्यातल्या माणसाला हा अभिमान ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही. अखेर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, आणि जालना व औरंगाबाद एका मंडळीत आले. त्या एकीकरणाचा विधी असा ठरविला होता की, प्रत्येक परंपरेतल्या बिशपांनी आणि पाळकांनी आळीपाळीने गुडघे टेकावेत आणि इतरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी. ही पुन्हा दिलेली दीक्षा आहे की नाही, कोणाची आधीची दीक्षा अपुरी होती, या प्रश्नांची उत्तरे त्या प्रार्थनेत हेतुपुरस्सर दिलेली नव्हती. ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावे, एवढीच तीत याचना होती. ज्या बिशपांच्या परंपरेने शतकानुशतके इतरांच्या दीक्षेवर शंका घेतली होती, त्यांनीही त्या दिवशी गुडघे टेकले आणि प्रेस्बिटेरियन पाळकांचे हात आपल्या डोक्यावर घेतले.